आईबाबांसाठी एल्डर लॉ वकील कसा शोधायचा? (न्यू जर्सी)

मुक्ता_जर्सीकर

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसतंच वाचत आलेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

आईबाबा (७४ आणि ७९) आमच्या जवळच स्वतःच्या कॉन्डोत राहतात, दोघंही आता सिटिझन आहेत. बाबांचं विसरणं वाढलं होतं म्हणून तपासण्या केल्या आणि न्यूरॉलॉजिस्टने अर्ली स्टेज डिमेन्शिया आहे असं लेखी दिलं. बाबा तसे छान आहेत, पेपर वाचतात, राजकारणावर वाद घालतात, पण एचओएचा (कॉन्डोच्या सोसायटीचा) चेक एकाच महिन्यात दोनदा पाठवतात आणि तिसरा लिहायला बसतात. कागदोपत्री म्हणाल तर आनंद आहे, ना विल, ना पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, काही म्हणजे काही नाही. कॉन्डो दोघांच्या नावावर, पुण्यात एक फ्लॅट बाबांच्या एकट्याच्या नावावर. भाऊ टेक्सासला असतो, तो म्हणतो तू ठरव मी पैसे देतो.

तर मंडळातल्या एकांनी त्यांच्या घराचं क्लोजिंग (खरेदीचे कागद) आणि विल करणारा वकील सुचवला, खूप चांगला आहे म्हणे, स्वस्तही आहे. दुसरीकडे आईला पोस्टाने एक कागद आलाय, ‘सिनियर्ससाठी मोफत डिनर आणि मार्गदर्शन, नर्सिंग होमपासून घर वाचवा’. आणि ऑनलाइन शोधलं तर एल्डर लॉ (म्हातारपणीची काळजी, तिचा खर्च, मालमत्ता यांचा कायदा) लिहिलेले इतके वकील निघतात की डोकं गरगरतं. खरा माहितगार कोण हे आपल्यासारख्याने ओळखायचं कसं? फी कशी असते? देशी वकीलच बघावा का, कारण बाबांना इंग्रजी येतं पण आईला कायद्याचं इंग्रजी अजिबात झेपत नाही. आईचं मत तर वेगळंच आहे, घरातलं घरात ठेवा, वकील कशाला हवा मधे.

---

सोलापुरी_चादर

सगळ्यात आधी तो डिनरचा कागद रद्दीत टाका. या जेवणावळींच्या शेवटी विकतात काय तर लिव्हिंग ट्रस्ट नाहीतर अ‍ॅन्युइटी. रिव्होकेबल लिव्हिंग ट्रस्ट ही काही वाईट गोष्ट नाही, प्रोबेटची (विल कोर्टातून मंजूर करून घेण्याची) कटकट वाचते, पण त्याने नर्सिंग होमपासून घर वाचतं असं कोणी सांगत असेल तर ती शुद्ध थाप आहे. ट्रस्ट तुम्हाला हवा तेव्हा मोडता येतो म्हणजे मेडिकेडच्या (कमी उत्पन्न-मालमत्ता असलेल्यांसाठीची सरकारी योजना, नर्सिंग होमचा खर्चही देते) लेखी त्यातले पैसे तुमचेच, विषय संपला. कोणी वकील नसताना ‘मेडिकेड प्लॅनर’ म्हणून कार्ड देत असेल तर त्यालाही लांबून नमस्कार. फ्लोरिडाच्या सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये सांगितलंय की वकील नसलेल्यांनी असे कायदेशीर सल्ले देत प्लॅनिंग करणं म्हणजे परवान्याशिवाय वकिली करणं.

आता खरा कोण ते. एल्डर लॉ हे शब्द वेबसाइटवर टाकायला काहीच लागत नाही, म्हणून दोन नावं लक्षात ठेवा. एक नाएला, म्हणजे नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ एल्डर लॉ अ‍ॅटर्नीज, १९८७ पासून आहे. ही वकिलांची संघटना आहे, वर्गणी भरली की मेंबर. वकिलाला या विषयात रस आहे इतकंच त्यातून कळतं. दुसरं सेला, सर्टिफाइड एल्डर लॉ अ‍ॅटर्नी. हे सर्टिफिकेट नॅशनल एल्डर लॉ फाउंडेशन देते आणि ते फुकट मिळत नाही. किमान पाच वर्षं वकिली, आधीच्या तीन वर्षांत आठवड्याला सरासरी १६ तास तरी याच विषयात काम, हाताळलेली ६० प्रकरणं दाखवायची, ४५ तासांचं शिक्षण, पाच वकिलांची शिफारस आणि वर दिवसभराची परीक्षा. शिवाय दर पाच वर्षांनी पुन्हा तपासणी. असे वकील अख्ख्या देशात मोजकेच आहेत, त्यामुळे जवळ मिळाला तर बरं, नाही मिळाला तर बाकीचे सगळे भोंदू असंही नाही.

मंडळवाल्यांच्या वकिलाबद्दल वाईट बोलायचं नाही, पण क्लोजिंग करणारा आणि हे काम करणारा यात डेंटिस्ट आणि हार्टवाला इतका फरक आहे. त्याला फोनवर एकच विचारा, न्यू जर्सीत क्यूआयटी कधी लागतो? क्वालिफाइड इन्कम ट्रस्ट. डिसेंबर २०१४ पासून न्यू जर्सीत महिन्याचं उत्पन्न ठराविक मर्यादेच्या वर असेल (२०२५ ला ती २,९०१ डॉलर होती) तर हा ट्रस्ट केल्याशिवाय नर्सिंग होमचं मेडिकेड मिळत नाही. जो रोज हे काम करतो तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. ‘बघून सांगतो’ म्हणाला तर थँक्यू म्हणून फोन ठेवा.

आणि हो, राज्याच्या कोर्टाच्या नाहीतर बारच्या साइटवर नाव टाकून बघा, लायसन्स चालू आहे ना, कधी कारवाई झालीय का, सगळं तिथे दिसतं.

---

जोगळेकरीण_बाई

मी एका नर्सिंग होमच्या बिझनेस ऑफिसात काम करते (राज्य वेगळं आहे), त्यामुळे वकिलांची उलट बाजू रोज बघते. सगळ्यात जास्त गोंधळ आपल्या लोकांचा इथे होतो की मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) आहे ना मग सगळं होईल. नाही होत. मेडिकेअर रिहॅबसाठी जास्तीत जास्त १०० दिवस देतं, त्यातले पहिले २० पूर्ण, पुढे रोजचा हिस्सा तुमचा, २०२५ ला तो दिवसाला २०९.५० डॉलर होता. तेही आधी हॉस्पिटलात तीन दिवस इनपेशंट म्हणून काढले असतील तर. ‘ऑब्झर्वेशन’ म्हणून ठेवलं असेल तर तुमचा पेशंट चार दिवस त्याच बेडवर झोपला असला तरी ते धरत नाहीत. आणि आंघोळ घालणं, भरवणं, लक्ष ठेवणं ही जी डिमेन्शियात वर्षानुवर्षं लागणारी काळजी असते तिचे पैसे मेडिकेअर देतच नाही. तिथे मेडिकेड येतं आणि तिथेच खरा वकील लागतो.

मेडिकेड मागची पाच वर्षं उकरतं. ६० महिने. त्यात कोणाला काही दिलं असेल, मुलाच्या नावावर घर केलं, नातवाच्या कॉलेजला पैसे दिले, तर त्या रकमेच्या हिशोबाने तितके महिने मेडिकेड अडवून ठेवतात, आणि ती शिक्षा पैसे दिले त्या दिवसापासून नाही तर बाकी सगळं संपल्यावर, अर्ज केल्यावर सुरू होते. २००६ पासून असं आहे. माझ्यासमोर बसून लोक सांगतात की आम्ही तर वर्षाला १९ हजाराच्या आतच दिले, सीपीएने सांगितलं होतं. अहो ती गिफ्ट टॅक्सची मर्यादा आहे, आयआरएसची, मेडिकेडचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. ज्या वकिलाला हा फरक स्वतःहून सांगावासा वाटत नाही तो तुमच्या कामाचा नाही.

अजून एक, जे मला दर वेळी टोचतं. आईवडिलांच्या घरात राहून मुलाने किंवा मुलीने नर्सिंग होमच्या आधीची किमान दोन वर्षं अशी काळजी घेतली की त्यामुळे त्यांना तिथे जावं लागलं नाही, तर ते घर त्या मुलाच्या नावावर करता येतं, पाच वर्षांचा नियम आड येत नाही. कायद्यात शब्द आहेत मुलगा किंवा मुलगी. सून नाही. आपल्याकडे करत कोण असतं ते सांगायला नको. शिवाय घर आईवडिलांचं असायला हवं, ते तुमच्या घरी राहायला आले तर हे लागू नाही. त्यामुळे मुक्ता, ‘बाबांना आता आमच्याकडेच आणतो’ हे भावनेच्या भरात ठरवू नका, आधी वकिलाला विचारा.

आणि कधी अ‍ॅडमिशनची वेळ आलीच तर फॉर्मवर ‘रिस्पॉन्सिबल पार्टी’ लिहिलेलं असतं तिथे डोळे मिटून सही नको. मुलांनी स्वतःच्या खिशातून हमी द्यावी अशी अट घालायला फेडरल कायद्याने मनाई आहे, तरी भाषा अशी फिरवतात की माणूस अडकतो. पेनसिल्व्हेनियात तर जुना कायदा आहे मुलांनी आईवडिलांना सांभाळायचा, त्याखाली २०१२ मध्ये तिथल्या कोर्टाने एका मुलावर आईच्या नर्सिंग होमचं साधारण ९३ हजार डॉलरचं बिल लावलं होतं. वकिलाला विचारा की अ‍ॅडमिशनचं अ‍ॅग्रीमेंट सही करण्याआधी वाचून देता का. चांगले ऑफिसवाले हे करतात.

---

दादर_टीटी

इतकं काय घाबरवताय त्यांना. आमच्या कॅलिफोर्नियात मेडिकेडला असेट लिमिटच (मालमत्तेची मर्यादा) नाही, माझ्या सासूबाईंचं सगळं मीच ऑनलाइन भरलं, वकील बिकील काही नाही.

---

सोलापुरी_चादर

@दादर_टीटी, नव्हतं. १ जानेवारी २०२४ ला काढलं होतं, १ जानेवारी २०२६ पासून परत आणलं, एका माणसाला १ लाख ३० हजार. सासूबाईंचं रिन्यूअल आलं की बघून घ्या. आणि न्यू जर्सीत ते दोन हजार आहे, दोन हजार डॉलर फक्त. म्हणूनच म्हणतो दुसर्‍या राज्यातल्या मित्राचा अनुभव ऐकावा पण त्यावर सही करू नये. (मुक्ता, घाबरू नका, जोडीदार घरी राहत असेल तर त्याच्यासाठी वेगळी रक्कम ठेवता येते, २०२५ ला ती जास्तीत जास्त १,५७,९२० डॉलर होती, आणि आई राहत असलेलं घर सहसा धरत नाहीत. पण तपशील वकिलाकडूनच.)

---

मुक्ता_जर्सीकर

बापरे, किती माहिती दिलीत. क्यूआयटीचा प्रश्न विचारला! मंडळवाले वकील म्हणाले ‘आय विल हॅव टू लुक इनटू दॅट’. दुसरी एक सेला आहे तिच्या ऑफिसात फोन केला तर पॅरालीगलने (वकिलाच्या मदतनिसाने) सगळं धडाधड सांगितलं, पण मग एक अट घातली ती मला खटकली. म्हणे पहिल्या मीटिंगचा काही वेळ वकीलबाई बाबांशी एकट्याने बोलतील, आणि आईशी वेगळं. मी बाहेर बसायचं. अपॉइंटमेंट मी घेणार, फी भाऊ देणार, गाडीतून मी नेणार आणि मलाच बाहेर बसवणार? आणि आईसाठी दुभाषी त्या बघतील म्हणे, मी नको. भाऊ तर चिडलाच, म्हणतो दुसरी बघ.

---

कोर्टाची_पायरी

दुसरी बघू नका, हीच धरा.

मी अशाच एका ऑफिसात पॅरालीगल आहे, म्हणून सांगते. तिथे क्लायंट बाबा असतात. तुम्ही नाही, पैसे देणारा भाऊ तर नाहीच नाही. दुसर्‍याने फी भरली तरी वकिलाने ऐकायचं क्लायंटचं, हा त्यांच्या आचारसंहितेतला नियम आहे, आणि क्लायंटची समज कमी होत असली तरी जमेल तितकं त्याच्याशीच नेहमीसारखं वागायचं हाही. आपल्याला हे विचित्र वाटतं कारण आपल्या घरात निर्णय हॉलमध्ये बसून सगळ्यांसमोर होतात आणि ज्याच्याबद्दल चाललंय तो चहा पीत गप्प असतो. पण मुलगी शेजारी बसलेली असताना ‘घर कोणाला द्यायचं’ या प्रश्नाला कुठला बाप खरं उत्तर देईल? माझ्यासमोर आजोबा लोक असतात, मुलगा खोलीत असेपर्यंत हो हो करतात, तो बाहेर गेला की म्हणतात मला धाकटीला पण द्यायचंय, हे लिहून घ्या.

यात तुमचाही फायदा आहे. उद्या भावाने नाहीतर त्याच्या बायकोने म्हटलं की मुक्ताने बाबांना डिमेन्शिया असताना सह्या घेतल्या, तर वकिलाच्या फाइलमध्ये नोंद असेल की एकट्याने बोलले, काय विचारलं, काय सांगितलं. तुम्ही दुभाषी झालात तर ती नोंद गेलीच. देशी वकील हवा का याचं उत्तर पण यातच आहे, मराठी येणारा मिळाला तर उत्तम पण मराठी येतं म्हणून क्लोजिंगवाला नको, विषय येणारा घ्या आणि दुभाषी बाहेरचा.

डायग्नोसिस झालं म्हणजे आता सही चालणार नाही असं नसतं. सही करतेवेळी कशावर करतोय, काय आहे आपल्याकडे, कोणाला अधिकार देतोय हे कळत असलं पाहिजे. पण वेळ काढू नका. ड्युरेबल पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी आणि हेल्थकेअर प्रॉक्सी (उपचारांचे निर्णय कोणी घ्यायचे त्याचा कागद) राहून गेलं आणि बाबांची समज गेली तर मग गार्डियनशिपसाठी कोर्टात जावं लागतं, वकील, डॉक्टरांचे रिपोर्ट, बाबांसाठी कोर्टाने नेमलेला वेगळा वकील, सगळ्याचा खर्च. माझं टोपणनाव उगाच नाहीये. आणि नेटवरचा फुकट फॉर्म नको, त्यात गिफ्ट देण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला नसतो आणि तो नसेल तर पुढे मेडिकेडचं प्लॅनिंग करताना बर्‍याच ठिकाणी हात बांधले जातात.

फीचं म्हणाल तर कागदपत्रांना बहुतेक जण फ्लॅट फी घेतात, मेडिकेडच्या अर्जाला वेगळी फ्लॅट नाहीतर तासावर. आकडा विचाराच, पण त्याआधी विचारा की त्यात काय काय आलं. अर्ज भरून देणार की नुसता सल्ला, काउंटीने जास्तीचे कागद मागितले तर कोण पाठवणार, नाकारलं तर फेअर हिअरिंगला (त्याविरुद्धच्या सुनावणीला) उभे राहणार का त्याचे वेगळे पैसे. हे एंगेजमेंट लेटरमध्ये (वकिलाबरोबरच्या लेखी करारात) लिहून घ्या. अजून, प्रत्यक्ष काम कोण करणार तेही विचारा. पॅरालीगलने करणं यात गैर काही नाही (मी तेच करते!), पण वकील फाइल बघतो की नुसती सही करतो हे कळायला हवं. कोणाला अजिबात परवडत नसेल तर ६० च्या वरच्यांसाठी एरिया एजन्सी ऑन एजिंगमार्फत मोफत कायदेशीर मदत मिळते, ओल्डर अमेरिकन्स अ‍ॅक्टखाली, तिथे उत्पन्नाची अट नसते पण रांग असते.

---

कर्वेरोड_रिटर्न्ड

पुण्याच्या फ्लॅटबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. अमेरिकेतला वकील कितीही भारी असला तरी तो भारतातलं करून देणार नाही, आणि करून देतो म्हणाला तर सावध व्हा. तिथे वेगळा वकील लागणार.

महत्त्वाचं म्हणजे तुमची इथली ड्युरेबल पॉवर बाबांची समज गेल्यावरही चालू राहते, तोच तर तिचा उपयोग. भारतात तसं नाही. १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम २०१ प्रमाणे अधिकार देणारा माणूस भ्रमिष्ट झाला की मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे फ्लॅट विकायचाय का, भाड्यावर ठेवायचाय, आईच्या नावावर करायचाय हे बाबा सांगू शकतात तोवरच आटपायला हवं. इथे केलेलं मुखत्यारपत्र नोटरी आणि अपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का) करून (किंवा वकिलातीतून) पाठवलं की भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर तिथली स्टॅम्प ड्युटी भरावी लागते, हे लोक हमखास विसरतात आणि मग रजिस्ट्रारकडे जाऊन परत येतात.

आणि तुमच्या सेलाबाईंना फ्लॅटबद्दल पहिल्याच मीटिंगमध्ये सांगा. ‘तिकडचं इकडे कोणाला कळतंय’ म्हणणारे काका प्रत्येक मंडळात एक तरी असतात. मेडिकेडच्या अर्जावर सगळी मालमत्ता लिहायची असते, कुठल्या देशात ते विचारत नाहीत, आणि खोटं लिहून सही कोण करणार, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवाल्या तुम्ही. त्यात बाबांनी इथे बसून दोन वर्षांपूर्वी तो फ्लॅट कोणा पुतण्याला बक्षीसपत्राने दिला असता तर तोही पाच वर्षांच्या नियमात धरला गेला असता.

---

मुक्ता_जर्सीकर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. भावाला @कोर्टाची_पायरी यांचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवला, अर्धा तास गप्प होता मग म्हणाला ठीक आहे, घे अपॉइंटमेंट. आईला मात्र वेगळं बोलायचंय हे भलतंच आवडलंय, काय बोलणार आहे ते मला सांगत नाहीये.

पुढच्या आठवड्यातली वेळ मिळतेय, दुपारी तीन किंवा सकाळी साडेनऊ. बरोबर काय काय नेऊ?

---

कोर्टाची_पायरी

साडेनऊ. डिमेन्शियात बर्‍याच जणांचं दुपारनंतर बिघडतं, बाबा कधी तरतरीत असतात ते तुम्हालाच माहीत पण शंका असेल तर सकाळच. न्यूरॉलॉजिस्टचं पत्र, कॉन्डोची डीड, सोशल सिक्युरिटी आणि पेन्शनचे कागद, इन्शुरन्सच्या पॉलिसी, गाडीचं टायटल, मेडिकेअर कार्ड, सिटिझनशिपचं सर्टिफिकेट. बँक स्टेटमेंट्स पाच वर्षांची लागतील, ती पहिल्या दिवशी नकोत पण आजपासून डाउनलोड करायला घ्या, जुनी ऑनलाइन दिसत नाहीत, बँकेकडे मागावी लागतात आणि वेळ लागतो. मोठी एखादी रक्कम बाहेर गेलेली दिसली तर कशासाठी ते आत्ताच आईला विचारून बाजूला लिहून ठेवा.

---

कर्वेरोड_रिटर्न्ड

आणि पुण्याच्या फ्लॅटचं भाडं येत असेल तर ते कुठल्या खात्यात जमा होतंय? एनआरओ (परदेशात राहणार्‍यांचं भारतातलं खातं) आहे की बाबांचं जुनंच सेव्हिंग्ज चालू आहे? भारतातली सगळी खाती मिळून वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली असतील तर एफबारही भरलेला हवा. भरलाय का?

---

मुक्ता_जर्सीकर

जुनंच सेव्हिंग्ज आहे. एफबार म्हणजे काय?

---

कर्वेरोड_रिटर्न्ड

वेगळा धागा काढा. आणि मंडळवाल्यांना विचारू नका.